संगीताचा स्वामित्वहक्क आणि गाण्यांची देवाणघेवाण : मराठवाड्यातील मौखिक परंपरेच्या संदर्भात एक चिकित्सा

१. प्रास्ताविक

गेल्या पाव शतकात संगीत ऐकण्याची, साठवण्याची आणि दुसऱ्याला देण्याची साधने इतकी बदलली की, 'गाणे कोणाचे?' हा एरवी अभ्यासकांपुरता मर्यादित असलेला प्रश्न बाजारपेठेत आणि न्यायालयात येऊन उभा राहिला. अमेरिकेत १९९९ मध्ये नॅप्स्टर ही संगीताची देवाणघेवाण घडवून आणणारी सेवा सुरू झाली आणि न्यायालयीन आदेशानंतर २००१ मध्ये ती बंद पडली. २००३ पासून तेथील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने गाणी वाटून घेणाऱ्या सामान्य नागरिकांवर दावे दाखल केले. २००५ मध्ये ग्रोक्स्टर प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने उल्लंघनाला उत्तेजन देण्याच्या हेतूने साधन पुरविणाराही जबाबदार ठरतो, असा निर्णय दिला. भारतात २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने संगीताची १०४ संकेतस्थळे बंद करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स विरुद्ध विंक या प्रकरणात २०१९ मध्ये आणि त्यावरील अपिलात २०२२ मध्ये असे ठरविले की, प्रसारणासाठी कायद्याने दिलेला वैधानिक परवाना आंतरजालावरून गाणी पुरविणाऱ्या सेवांना लागू होत नाही.

या साऱ्या वादात दोनच पक्ष ठळकपणे बोलताना दिसतात. एक पक्ष हक्कधारक कंपन्यांचा. त्यांच्या मते विनापरवाना प्रत म्हणजे चोरी. दुसरा पक्ष श्रोत्यांचा आणि त्यांची बाजू मांडणाऱ्या विचारवंतांचा. त्यांच्या मते संस्कृती ही वाटण्यानेच वाढते आणि तिला कुंपण घालणे अन्याय्य आहे. दोन्ही पक्ष कलावंताचे नाव घेतात. परंतु त्यांच्या मनातील कलावंत हा बहुधा करारपत्रावर सही करणारा, नावाजलेला, शहरी कलावंत असतो. गोंधळी, वाघ्या-मुरळी, प्रधान, शाहीर, जलशातील गायक, जात्यावर ओवी गाणारी स्त्री यांना या वादात स्थान नाही.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरचा परिसर या दृष्टीने विचार करायला लावणारा आहे. पैनगंगेच्या काठचा आणि तेलंगणाच्या सीमेजवळचा हा प्रदेश. येथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, बंजारा आणि तेलुगू या भाषांतील गाणी कानी पडतात. जवळच माहूरचे रेणुकेचे ठाणे आणि त्याभोवतीची गोंधळ-आराधाची परंपरा आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते आणि तेथे लावणीपासून वाघ्या-मुरळीपर्यंत अनेक लोककला एकत्र येतात. अशा प्रदेशातून पाहिले असता स्वामित्वहक्काचा वाद कसा दिसतो, त्याची परिभाषा कितपत पुरी पडते आणि त्यात कोणाचे नुकसान होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. वादाची परिभाषा

कोणत्याही वादात वापरलेले शब्द आधीच अर्धा निवाडा करून टाकतात. 'पायरसी' म्हणजे समुद्रावरील चाचेगिरी. हा शब्द गाण्याची प्रत काढणाऱ्याला लावला की तो दरोडेखोराच्या पंक्तीला बसतो. वस्तुतः भारतीय दंड संहितेने १८६० मध्ये केलेली चोरीची व्याख्या एखाद्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून हलविण्याशी निगडित होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तिचे मूळ स्वरूप तेच आहे. गाण्याची प्रत काढल्याने मूळ गाणे कोठे जात नाही. म्हणूनच १९५७ चा स्वामित्वहक्क अधिनियम, ज्याला व्यवहारात कॉपीराइट कायदा म्हणतात, 'चोरी' न म्हणता 'उल्लंघन' म्हणतो. हा फरक केवळ शाब्दिक नाही. चोरीत वस्तू गमावली जाते. उल्लंघनात मोबदल्याची संधी गमावली जाते. पहिल्यात हानी निश्चित असते, दुसऱ्यात ती प्रत्येक प्रकरणी सिद्ध करावी लागते.

महाराष्ट्रात मात्र कायद्यानेच ही सीमारेषा पुसट केली. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्यासाठी केलेल्या १९८१ च्या राज्य अधिनियमात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सची भर घालण्यात आली. एका आर्थिक हक्काच्या उल्लंघनाला सार्वजनिक सुव्यवस्थेला असलेल्या धोक्याचा दर्जा मिळाला. मुंबई ही चित्रपट उद्योगाची राजधानी असल्यामुळे त्या उद्योगाची चिंता समजण्यासारखी आहे; परंतु हक्काच्या रक्षणासाठी स्थानबद्धतेपर्यंत जाणारे राज्य मौखिक कलावंताच्या हक्काविषयी काय करते, हा प्रश्न मग अधिकच तीव्र होतो.

दुसऱ्या पक्षाची परिभाषाही निर्दोष नाही. 'वाटणे' हा आपल्या भाषेत पुण्याचा शब्द आहे. प्रसाद वाटला जातो, ज्ञान वाटले जाते. पण वाटणारा स्वतःचे वाटतो की दुसऱ्याचे, हा प्रश्न त्या शब्दाआड दडतो. गाणी फुकट देणारी अनेक संकेतस्थळे जाहिरातींवर चालत. श्रोत्याला गाणे फुकट मिळाले, तरी संकेतस्थळाला आणि दूरसंचार कंपनीला त्या गाण्यामुळे उत्पन्न मिळाले. न मिळालेला एकच, तो म्हणजे गाणारा. 'प्रसारामुळे कलावंताला प्रसिद्धी मिळते आणि प्रसिद्धीतून कार्यक्रम मिळतात' असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतः खरा आहे. गायकाला प्रसिद्धीमुळे सुपारी मिळते हे खरे. परंतु गीत लिहिणाऱ्या कवीला सुपारी कोण देणार? वार्धक्याने आवाज गेलेल्या गायकाला प्रसिद्धीचा काय उपयोग? या युक्तिवादात प्रसिद्धी आणि उपजीविका यांची सरमिसळ झालेली आहे.

तात्पर्य, एका पक्षाने प्रतीला चोरी म्हणून आणि दुसऱ्याने तिला दान म्हणून रंगविले. गाण्यामागे कोणाचे ऋण आहे आणि ते कसे फेडावे, हा मूळ प्रश्न दोघांनीही टाळला आहे.

३. मौखिक परंपरेतील हक्कव्यवस्था

'आपल्या परंपरेत गाणे सर्वांचे होते, मालकीची कल्पना पाश्चात्त्यांनी आणली' असे विधान वारंवार केले जाते. ते तपासून पाहिले पाहिजे. आपल्याकडे प्रतीवरचा हक्क नव्हता हे खरे, कारण गाण्याची प्रतच नव्हती. परंतु हक्क मुळीच नव्हता असे म्हणता येत नाही. तो प्रतीवर नव्हता, प्रसंगावर होता.

गावगाड्याच्या व्यवस्थेत बलुतेदारांबरोबर अलुतेदारही होते आणि त्यांच्या काही याद्यांत गोंधळी, घडशी, डवरी-गोसावी यांची नावे येतात. लग्नानंतर गोंधळ घालणे हे अमुक घराण्याचे काम, वाजविणे हे तमुकाचे काम, आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र किंवा बिदागी हा त्यांचा मान, अशी ती रचना होती. किनवट आणि आदिलाबाद परिसरातील गोंड समाजात प्रधान हे परंपरेने कथागायक. किंगरीच्या साथीने गोंडांच्या कुळकथा आणि दैवतकथा गाणे हे त्यांचे कार्य. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा जो अभ्यास केला, त्यातून प्रधान आणि त्यांचे गोंड यजमान यांचे हे वंशपरंपरागत नाते स्पष्ट होते. कथा सर्वांना ठाऊक असते. पण ती विधिपूर्वक गाण्याचा अधिकार आणि त्याबद्दलचा मोबदला विशिष्ट घराण्यांचा असतो. गाणे ऐकून कोणीही गुणगुणावे, त्याला मनाई नाही; प्रसंगी मात्र ज्याचा मान त्यालाच.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती जातीवर उभी होती. गाणाऱ्याला मान मिळे तो त्या प्रसंगापुरता. एरवी त्याचे स्थान खालचेच असे. मोबदला हक्क म्हणून मागता येत असला तरी व्यवहारात तो देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राही. मुरळीच्या प्रथेत तर स्त्रीचे शोषण धर्माच्या नावाने झाले. तथापि एक गोष्ट या व्यवस्थेला ठाऊक होती, ती आजच्या वादात हरवली आहे : गाणे ऐकणाऱ्यावर गाणाऱ्याचे ऋण असते.

दुसरी गोष्ट नाममुद्रेची. संतांचे अभंग, शाहिरांच्या लावण्या आणि पोवाडे यांच्या अखेरच्या चरणात कर्त्याचे नाव गुंफण्याची आपली परंपरा आहे. ही मुद्रा मालकीची खूण नव्हे. तिने कोणालाही गाण्यास मज्जाव केला नाही. उलट, गाणे जितके फिरेल तितके नाव फिरेल अशी ती योजना होती. मुद्रेचा गैरवापरही होत असे. नामदेवांच्या नावावर आढळणाऱ्या अभंगांत विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्या, हा संशोधकांच्या चर्चेचा विषय आहे. प्रभात कंपनीच्या १९३६ मधील 'संत तुकाराम' या चित्रपटात सालोमालो तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून मिरवतो आणि प्रेक्षकाला त्याचा राग येतो. तो राग अभंगाची प्रत काढल्याबद्दल नसतो. अभंग तर सर्वांनी गावेत अशीच अपेक्षा आहे. राग असतो तो नाव पुसल्याबद्दल. आपल्या लोकमानसाला प्रत आणि अपहार यांतील भेद चांगला कळतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

अभिजात संगीतात याच्या अगदी उलट टोक दिसते. घराण्यांच्या बंदिशी हे कुलधन मानले जाई. शिष्याच्या निष्ठेची परीक्षा घेतल्यावाचून चीज दिली जात नसे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी विविध घराण्यांच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या राखलेली विद्या बाजारात मांडली गेल्याची भावना काहींच्या मनात निर्माण झाली. तो देखील देवाणघेवाणीचाच वाद होता. आज मागे वळून पाहता भातखंड्यांमुळे सामान्य विद्यार्थ्याला, विशेषतः गुरुकुलाची दारे बंद असलेल्यांना, संगीत शिकता आले हे निर्विवाद. पण ज्यांच्या कंठातून त्या बंदिशी कागदावर आल्या, त्यांच्या वारसांना त्या छपाईतून काय मिळाले, हाही प्रश्न तितकाच रास्त आहे. प्रसाराचे श्रेय आणि ऋणाची जाणीव या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करता आल्या पाहिजेत.

४. कायदा आणि गळा

भारतीय कायद्याने मौखिक संगीताकडे कसे पाहिले, हे त्याच्या व्याख्यांतून कळते. १९५७ च्या अधिनियमात 'सांगीतिक कृती' म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे आलेखित केलेली स्वररचना असा अर्थ होता. जे लिहिलेले नाही ते कायद्याच्या दृष्टीने संगीतच नव्हते. ज्या देशाचे बहुतेक संगीत कानातून गळ्यात आणि गळ्यातून कानात जाते, त्या देशाच्या कायद्यात ही अट १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार दशके टिकून राहिली.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आणि चित्रपट निर्मात्यांची संघटना यांचा वाद आला. चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या संगीताचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच ठरतो असा निर्णय झाला. या निकालाला जोडलेल्या आपल्या स्वतंत्र टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एका विसंगतीकडे लक्ष वेधले : भारतीय संगीतात रसिकाला जिंकतो तो गाणाऱ्याचा आवाज, परंतु कायदा संरक्षण देतो ते रचनेला, गायकाला त्यात स्थान नाही. त्याआधीच, १९६० च्या दशकात, लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकांनाही स्वामित्वधन मिळावे अशी मागणी केली होती. महंमद रफी यांचे मत वेगळे होते आणि त्या मतभेदातून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले. ज्यांचा आवाज घराघरांत पोहोचला होता त्यांचीही कायद्यात ही स्थिती असेल, तर जत्रेत गाणाऱ्याची काय असणार?

१९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क प्रथमच मान्य केला. ती १९९५ पासून लागू झाली. प्रयोगकर्त्याच्या व्याख्येत गायक, वादक आणि नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांचाही समावेश आहे. कागदावर ही व्याख्या अतिशय उदार आहे. माळेगावच्या यात्रेतील बहुतेक कलावंत तिच्यात बसतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले. चित्रपटातील गीतकार आणि संगीतकारांना स्वामित्वधनातील समान वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. प्रयोगकर्त्यांना व्यापारी वापरातून स्वामित्वधन, तसेच नाव दिले जाण्याचा आणि प्रयोगाची विटंबना न होऊ देण्याचा नैतिक हक्क मिळाला. गायकांची इस्रा ही संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली.

परंतु हक्क असणे आणि हक्क बजावता येणे यांत मोठे अंतर आहे. स्वामित्वधन वसूल करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व, कागदपत्रे, ध्वनिमुद्रणाची नोंद, बँकेचा व्यवहार या साऱ्या पायऱ्या चढून जाणारा गोंधळी किंवा प्रधान विरळाच. शिवाय एक तात्त्विक अडचण उरतेच. स्वामित्वहक्क व्यक्तीला मिळतो, आणि रचनेवरील हक्क तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. पिढ्यांनी मिळून घडविलेल्या आणि जिचा कर्ता सांगता येत नाही अशा कथेवरचा समूहाचा हक्क या चौकटीत बसत नाही. बर्न कराराच्या १९६७ च्या स्टॉकहोम फेरतपासणीत अज्ञातकर्तृक अप्रकाशित कृतींसाठी राष्ट्रीय अधिकारी नेमण्याची सोय झाली, १९८२ मध्ये लोकाविष्कारांच्या संरक्षणासाठी आदर्श तरतुदी सुचविण्यात आल्या. पण त्यांतून बंधनकारक असा जागतिक करार झाला नाही. २०२४ मध्ये जिनिव्हा येथे झालेला करार जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानापुरता आहे. लोकगीत त्याच्या बाहेरच राहिले. याचा परिणाम असा की, परंपरेतील चाल उचलून नवे गाणे बांधणाऱ्याला त्या नव्या रचनेचा आणि ते मुद्रित करणाऱ्या कंपनीला ध्वनिमुद्रणाचा हक्क मिळतो. ज्या समूहाकडून चाल आली, त्याला काहीच मिळत नाही.

५. ध्वनिफितीपासून मेमरी कार्डापर्यंत

मराठवाड्यातील गाण्यांच्या प्रसाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी स्वस्त प्रतींचा इतिहास आहे. ध्वनिमुद्रिकांच्या काळात मुद्रणाचा व्यवसाय एका मोठ्या कंपनीच्या हाती एकवटलेला होता. १९८० च्या दशकात ध्वनिफीत आली आणि चित्र पालटले. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखविले आहे की, ध्वनिफितीमुळे छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि स्थानिक बोलीतील गीतांना प्रथमच बाजार मिळाला. त्याच वेळी विनापरवाना प्रतींचाही सुळसुळाट झाला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या सुपर कॅसेट्सची वाढ हे त्याचे मोठे उदाहरण. मूळ गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन विकण्यासाठी तेव्हाच्या कलम ५२ मधील सूचना देऊन ध्वनिमुद्रण करण्याच्या सवलतीचा तिने भरपूर उपयोग केला. पुढे विनापरवाना प्रतींविरुद्ध दावे लावणाऱ्यांत हीच कंपनी आघाडीवर राहिली, हा इतिहास हक्काच्या भाषेकडे डोळसपणे पाहायला शिकवतो. मोकळीक नवागताला हवी असते, कुंपण प्रस्थापिताला.

ध्वनिफितीने महाराष्ट्रात जे केले त्यात आंबेडकरी गीतांचा प्रसार सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. वामनदादा कर्डक यांची गीते, प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांचे आवाज गावोगावच्या वस्त्यांत पोहोचले ते पुस्तिका, जलसे आणि ध्वनिफिती यांतून. या गीतांचा हेतूच प्रसार हा होता. ती एकाने दुसऱ्याला द्यावी, उतरवून घ्यावी, पाठ करावी यासाठीच ती लिहिली गेली. त्यांच्या बाबतीत 'प्रत म्हणजे चोरी' हे सूत्र लावणे म्हणजे चळवळीचा प्राणच नाकारणे होय. परंतु त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की, अशा गीतांचे कवी आणि गायक यांना मुद्रणाच्या वेळी बहुधा एकरकमी मानधन मिळे आणि पुढील विक्रीशी त्यांचा संबंध तुटे. फीत अधिकृत असो वा चोरटी, कवीच्या घरी येणाऱ्या पैशात त्यामुळे फारसा फरक पडत नसे. म्हणूनच या प्रदेशातील कलावंताला कंपनीच्या हक्करक्षणाची मोहीम कधी स्वतःची वाटली नाही.

ध्वनिफितीनंतर एमपी३ ची चकती आली आणि पुढे भ्रमणध्वनीचे मेमरी कार्ड. आंतरजालाची जोडणी सर्वत्र पोहोचण्याआधी ग्रामीण भागातील देवाणघेवाण संकेतस्थळांवर नव्हे, तर बाजारगावातील भ्रमणध्वनीच्या दुकानात होत असे. दुकानदार आपल्या संगणकातून काही रुपयांत कार्ड 'भरून' देई. पुढे ब्लूटूथने ती गाणी मित्रामित्रांत फिरत. चित्रपटगीते, भीमगीते, लेंगीगीते आणि देवीची गाणी एकाच कार्डावर नांदत. ज्या गीतांना आकाशवाणीवर वा दूरदर्शनवर जागा मिळत नव्हती, ती या मार्गाने जिवंत राहिली, हे या व्यवहाराचे श्रेय आहे.

कायद्याच्या नजरेने मात्र हा दुकानदार कलम ६३ खालचा आरोपी. त्यात सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे स्पष्ट केले. खाजगी वापरासाठी न्याय्य उपयोगाची सवलतही २०१२ पूर्वी ध्वनिमुद्रणांना लागू नव्हती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती मिळाली. म्हणजे स्वतः विकत घेतलेल्या फितीची स्वतःसाठी प्रत काढणाराही तोपर्यंत या सवलतीबाहेर होता. जो कायदा समाजातील बहुसंख्यांना एकाच वेळी उल्लंघनकर्ते ठरवितो, त्याची नैतिक पकड सैल होणे अपरिहार्य असते.

तथापि या व्यवहाराची खरी हानी पैशाच्या हिशेबात शोधून सापडणार नाही. ती आहे नावाची. फितीच्या वेष्टनावर निदान गायक, कवी आणि संगीतकार यांची नावे असत. कार्डावर आलेल्या गाण्याला कधी केवळ क्रमांक असे, कधी ज्या संकेतस्थळावरून ते उतरविले त्याचे नाव. कवीचे नाव त्यातून पार गळाले. मौखिक परंपरेने यावर पूर्वीच उपाय काढला होता. नाममुद्रा ही गाण्याच्या आतच असल्याने ती कोणी वगळू शकत नसे. पण रिंगटोन आणि त्यानंतर समाजमाध्यमांवरील अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती यांनी गाण्याचा केवळ मुखडा उचलला. शेवटच्या कडव्यापर्यंत कोणी पोहोचतच नाही, आणि नाव तर शेवटच्या कडव्यात असते. शतकानुशतके टिकलेली कर्तृत्वाची खूण कात्रीच्या एका फटक्यात नाहीशी झाली. यंत्राने आवाजाची हुबेहूब नक्कल करण्याच्या काळात तर हा प्रश्न अधिक गंभीर बनतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेला मनाई केली. न्यायालयात जाण्याची ऐपत नसलेल्या लोकगायकाच्या आवाजाला हे संरक्षण कोण मिळवून देणार?

६. जात्यावरच्या ओव्यांचा दाखला

मुक्त प्रसार आणि कर्त्याचा मान या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात काय? महाराष्ट्रातच याचे एक समर्थ उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा असून बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने तो संगणकावर आला आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने तो टप्प्याटप्प्याने आंतरजालावर प्रसिद्ध केला. मराठवाड्याचा त्यात मोठा वाटा आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या आणि परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्या अनेकांपर्यंत पोहोचल्या आहेत.

या संग्रहाचे वैशिष्ट्य असे की, ओवी कोणालाही मोफत ऐकता-वाचता येते, परंतु ती निनावी नाही. गाणारीचे नाव, तिचे गाव, तिचा समाज यांची नोंद ओवीसोबत असते. 'लोकगीताला कर्ता नसतो' या लोकसाहित्याच्या अभ्यासातील जुन्या गृहीतकाला हे मूक उत्तर आहे. मूळ रचना कोणाची हे सांगता येत नसले, तरी ही ओवी आज अशी गाणारी बाई कोण हे निश्चित सांगता येते. आणि कायद्यातील प्रयोगकर्त्याची कल्पना नेमकी हीच आहे.

या कसोटीवर आपल्या विद्यापीठीय संशोधनाकडेही पाहावे लागेल. लोकगीतांवरील प्रबंधांत गाणाऱ्यांचा उल्लेख बहुधा 'माहितीदार' म्हणून परिशिष्टात येतो. ध्वनिमुद्रणासाठी त्यांची संमती घेतली काय, मुद्रणाची प्रत त्यांना दिली काय, पुस्तक छापले गेल्यावर त्यांचा वाटा कोणता, हे प्रश्न क्वचित विचारले जातात. कंपन्यांनी लोककलावंतांना लुटले असे लिहिणाऱ्या अभ्यासकाने स्वतःच्या संग्रहाचा हिशेबही मांडला पाहिजे.

७. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात.

पहिला, गाण्याची खाजगी, विनानफा देवाणघेवाण आणि त्यावर उभारलेला व्यापार यांत काटेकोर भेद केला पाहिजे. मित्राला गाणे देणारा विद्यार्थी आणि त्या गाण्यावर जाहिरातींचे उत्पन्न मिळविणारी सेवा यांना एकाच कलमाखाली आणणे न्याय्य नाही. लग्नसमारंभातील संगीताविषयी कायद्याने असा भेद पूर्वीच केला आहे. मात्र त्याची मर्यादा कोठवर, हा वाद थांबलेला नाही. त्या सवलतीच्या आधारे गोवा शासनाने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले.

दुसरा, लोककलावंताच्या बाबतीत नावाचा हक्क हा दामाच्या हक्काइतकाच, किंबहुना त्याच्याही आधी येणारा हक्क आहे. ज्याचे नावच नोंदलेले नाही त्याला दाम पोहोचविण्याचा मार्गच उरत नाही. गाणी पुरविणाऱ्या सेवांनी कंपनीच्या नावाबरोबर कवी, गायक, साथीदार आणि पारंपरिक चाल असल्यास तिचा समाज व प्रदेश यांची नोंद करणे बंधनकारक व्हावे.

तिसरा, पारंपरिक चालींच्या व्यापारी वापरातून एक अंश त्या त्या कलावंत समूहाच्या वृद्ध कलावंतांसाठी राखून ठेवण्याचा विचार व्हावा. बलुत्याच्या व्यवस्थेतील जातीचे जोखड टाकून देऊन तिच्यातील ऋणाची जाणीव तेवढी घेता येईल.

चौथा निष्कर्ष आपल्याच कामाविषयी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांना आपापल्या परिसरातील गायकांची ध्वनिमुद्रणे करणे कठीण नाही. भाषा जाणणारे विद्यार्थी वर्गातच बसलेले असतात. मात्र ते मुद्रण गायकाच्या भाषेत समजावून घेतलेल्या संमतीने, त्याच्या नावानिशी आणि त्याला प्रत देऊन झाले पाहिजे. किंगरीवर कुळकथा गाणारे प्रधान वृद्ध होत आहेत. त्यांच्या गाण्याची उद्या हजार ठिकाणी प्रत निघाली तर त्यात वाईट काही नाही. ती प्रत निनावी निघाली, तर मात्र सालोमालोच्या वारशाला आपणही हातभार लावला असे होईल.